हिप रिसर्फेसिंगनंतरचे पहिले वर्ष : घरच्या तयारीपासून धावण्यापर्यंत

खुब्याच्या सांध्याचे रिसर्फेसिंग करून घेतलेल्या बहुतेक रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच आपण बरे झालो असे वाटू लागते. वर्षानुवर्षे जांघेत ठणकणारी वेदना गेलेली असते, रात्रीची झोप परत आलेली असते आणि हातातली काठी उगाच अडचण वाटू लागते. या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत जपण्याचा काळ नेमका हाच असतो, कारण वेदना थांबायला काही आठवडे पुरतात, पण हाडाला मात्र महिने लागतात. या लेखातील बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

तसे का, हे आधी समजून घेणे उपयोगाचे आहे. संपूर्ण सांधाबदलात मांडीच्या हाडाचे गोल डोके मानेपासून कापून काढतात आणि हाडाच्या पोकळीत धातूचा लांब दांडा ठोकून त्यावर नवे डोके बसवतात. रिसर्फेसिंगमध्ये डोके जागेवरच राहते. ते तासून त्यावर कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची टोपी बसवतात आणि कमरेच्या हाडातील खोबणीत त्याच धातूची वाटी घट्ट बसवतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे डेरेक मॅकमिन यांनी विकसित केलेला आणि १९९७ पासून वापरात आलेला सांधा हा या पद्धतीचा सर्वाधिक परिचित प्रकार आहे. रुग्णाचे स्वतःचे हाड वाचते, हा तिचा मोठा फायदा. पण डोके आणि मांडीचे हाड यांना जोडणारी मान तीच जुनी असते, शस्त्रक्रियेत तिच्या रक्तपुरवठ्याला थोडाफार धक्का बसलेला असतो, आणि टोपीखालच्या हाडाला नव्या भाराची सवय व्हायची असते. पहिल्या काही महिन्यांत या मानेला तडा गेला, तर बहुधा संपूर्ण सांधाबदलच करावा लागतो. शिवाय ही शस्त्रक्रिया मुख्यतः तरुण, दणकट हाडांच्या आणि धडपड्या पुरुषांवर केली जाते. म्हणजे ज्यांना घरी बसवत नाही, त्यांनाच बसून राहायला सांगावे लागते.

पुढील सूचना सर्वसाधारण आहेत. सांधा मागच्या बाजूने उघडला की पुढच्या, हाड कितपत मजबूत होते, मूळ आजार झिजेचा होता की रक्तपुरवठा तुटल्याचा, यांवर तपशील बदलतात आणि तेथे आपल्या सर्जनचा शब्द अंतिम मानावा. रुग्णालयातून निघण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे मात्र लेखी घ्यावीत: ऑपरेशनच्या पायावर किती भार द्यायचा, कोणत्या हालचाली किती काळ वर्ज्य आहेत, रक्त पातळ ठेवणारे औषध कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे, आणि पुढचा एक्स-रे केव्हा. डिस्चार्ज कार्डावर यातील एखादी गोष्ट हमखास राहून जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी घराची तयारी

आपल्या घरांत जमिनीवर बसण्याची, उकिडवे बसण्याची आणि वाकून काम करण्याची ठिकाणे इतकी असतात की ती एरवी लक्षातही येत नाहीत. म्हणून ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रुग्णाने स्वतः घरातून एक फेरी मारावी आणि दिवसभरात आपण कोठे कोठे वाकतो हे पाहावे. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खालच्या पातळीवर राहिला पाहिजे, ही साधी कसोटी प्रत्येक बैठकीला लावावी. साधारण उंचीच्या माणसाला १८ ते २० इंच उंचीची, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेली खुर्ची चालते. उंच माणसाला त्याहून उंच लागते. खोल रुतणारा सोफा, आरामखुर्ची, बुटका दिवाण आणि चाके असलेली ऑफिसची खुर्ची पहिल्या सहा आठवड्यांसाठी बाजूला ठेवावी. पलंग बुटका असेल तर गादीवर गादी टाकून उंची वाढवता येते. गादी टणक असावी.

खरी अडचण संडासची असते. भारतीय पद्धतीच्या संडासात बसणे या काळात पूर्णपणे वर्ज्य आहे. कमोड असेल तर त्यावर बसवायचे उंची वाढवणारे प्लास्टिकचे कडे वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. कमोड नसेल तर मधोमध भोक असलेली कमोड-खुर्ची भाड्यानेही मिळते. ती संडासच्या भांड्यावर ठेवता येते किंवा खोलीत वापरता येते. खुर्चीच्या पायांखाली रबरी बूच आहेत ना, हे पाहून घ्यावे, कारण ओल्या लादीवर ती सरकली तर पुढचे सारे कष्ट वाया जातात. अंघोळीसाठी पाट किंवा बुटके स्टूल न घेता उंच प्लास्टिकची खुर्ची घ्यावी, बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवावी, म्हणजे तांब्या बुडवायला वाकावे लागत नाही. पायपुसणी, सतरंज्या आणि फिरत्या वायरी उचलून ठेवाव्यात. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर मांडून घ्याव्यात.

रुग्णालयातील दिवस

बहुतेक ठिकाणी रुग्णाला ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पहिल्यांदा उठताना चक्कर येणे सामान्य आहे. पलंगाच्या कडेला पाय सोडून काही मिनिटे बसून मगच उठावे. पडल्यापडल्या करायचे तीन व्यायाम याच वेळी शिकवले जातात: घोट्यापासून पाऊल वर-खाली करणे, मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीत दाबणे, आणि दोन्ही कुल्ले आवळून धरणे. दिसायला ते किरकोळ आहेत, पण पोटरीत साकळू पाहणारे रक्त पुढे ढकलण्याचे काम तेच करतात. जागेपणी दर तासाला पाच-दहा वेळा ते करावेत. पाय सरळ ठेवून वर उचलण्याचा व्यायाम मात्र कोणी सांगितल्याशिवाय करू नये. त्यात सांध्यावर आणि हाडाच्या मानेवर वाटतो त्यापेक्षा बराच अधिक ताण पडतो.

घरी परतताना गाडीत बसण्याची रीत आधी पाहून ठेवावी. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करावी, बूड खाली जाऊ नये म्हणून उशी ठेवावी आणि तिच्यावर प्लास्टिकची मोठी पिशवी पसरावी. रुग्णाने सीटकडे पाठ करून आधी बसावे, मागे सरकावे, आणि मग कंबर व दोन्ही पाय एकदम आत वळवावेत. पिशवीमुळे अंग सहज फिरते. गाडी सुरू होण्यापूर्वी पिशवी काढून घ्यावी. रिक्षा टाळावी. परगावी ऑपरेशन झाले असेल आणि रेल्वेने परतायचे असेल, तर खालचा बर्थ आणि सोबतीला धडधाकट माणूस या दोन्ही गोष्टी हव्यात. लांबच्या प्रवासात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा तो कधी करायचा हेही सर्जनना विचारूनच ठरवावे.

पहिले दोन आठवडे : जखम, सूज आणि मालिशीचा आग्रह

मांडी सुजणे आणि काळे-निळे डाग गुडघ्यापर्यंत, कधी घोट्यापर्यंत उतरणे यात घाबरण्यासारखे काही नसते. दिवसातून दोन-तीन वेळा पाठीवर पडून पायाखाली उशा देऊन पाय उंच ठेवावा आणि बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा. या दिवसांत गरम शेक देऊ नये. जखमेच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर वाटते. ती हळूहळू सुधारते, क्वचित थोडा भाग तसाच राहतो. टाके किंवा पिना साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी काढतात. तोवर पट्टी कोरडी ठेवावी. हळद, खोबरेल तेल, कोणाच्या ओळखीच्या वैद्याचा लेप, यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. धातूच्या सांध्याभोवती जंतुसंसर्ग झाला तर तो नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाही, सांधा पुन्हा उघडावा लागतो. त्यामुळे जखमेतून पाच-सहा दिवसांनंतरही पाणी येत राहिले, लाली पसरू लागली किंवा ताप चढला तर जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊन वाट पाहत न बसता थेट सर्जनना दाखवावे.

मालिशीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पाय सुजलेला दिसला की घरातील वडीलधारी मंडळी मायेपोटी तेल कोमट करून आणतात, आणि पोटरी चोळून दिली की रुग्णालाही बरे वाटते. परंतु पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल, तर ती चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेतते. ही गुठळी बाहेरून दिसत नाही. म्हणून पहिले सहा आठवडे पोटरीला आणि मांडीला मालिश करू नये, आणि हे घरच्यांना ऑपरेशनपूर्वीच सांगून ठेवावे. नंतर सांगितले की वाद होतो. ऑपरेशनच्या पायाची पोटरी दुसऱ्या पायापेक्षा टणक, गरम, दुखरी झाली आणि रात्रभर पाय उंच ठेवूनही सूज उतरली नाही, तर त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी टाळण्याचे औषध, मग ते पोटात टोचायचे इंजेक्शन असो की गोळी, अनेकदा पाच आठवड्यांपर्यंत चालते. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडू नये.

काही सर्जन सांध्याभोवतीच्या स्नायूंत नको तेथे हाड तयार होऊ नये म्हणून इंडोमेथासिनसारखी गोळी काही आठवडे देतात. तिने पित्त खवळते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, त्यामुळे ती जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या जोडीला घरातली दुसरी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घेऊ नये. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते. कमोडवर कुंथत बसण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी आणि रात्री इसबगोल घेतलेले बरे. आहारात अंडी, डाळी, उसळी, पनीर आणि ताक यांतून प्रथिने वाढवावीत. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट हाड भरण्याच्या आड येतात. ज्यांचा सांधा दारूमुळे किंवा स्टेरॉइडमुळे रक्तपुरवठा तुटून खराब झाला होता, त्यांचा दुसरा खुबाही त्याच वाटेवर असू शकतो. त्यांनी दारू कायमची सोडावी आणि दुसऱ्या सांध्याचा एमआरआय करून घेण्याविषयी विचारावे.

उठणे, बसणे, झोपणे, जिना

मागच्या बाजूने सांधा उघडला असेल तर पहिले सहा आठवडे साधारणतः तीन हालचाली टाळायला सांगतात: खुबा काटकोनापेक्षा अधिक दुमडणे, पायावर पाय टाकून मध्यरेषा ओलांडणे, आणि पाय आतल्या बाजूला वळवणे. या तिन्ही एकत्र झाल्या तर सांधा निखळू शकतो. खुर्चीतून उठताना आधी पुढच्या कडेपर्यंत सरकावे, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवावा, खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात दाबून चांगल्या पायावर भार घेत सरळ वर उठावे. वॉकर धरून स्वतःला ओढून उठवू नये, वॉकर उलटतो. खाली पडलेला मोबाइल उचलण्याची ऊर्मी सर्वांत घातक ठरते. लांब दांड्याचा चिमटा जवळ ठेवावा किंवा सरळ हाक मारावी.

झोपताना पाठीवर झोपून दोन गुडघ्यांत उशी ठेवावी. परवानगी मिळाल्यावर चांगल्या कुशीवर झोपता येते. तेव्हा उशी गुडघ्यांपासून घोट्यापर्यंत पुरेल इतकी लांब हवी, नाहीतर वरचा पाय झोपेत पुढे घसरून आत वळतो. कपडे घालताना ऑपरेशनचा पाय आधी आणि काढताना शेवटी. पहिल्या काही दिवसांत लुंगी किंवा सैल गाऊन सर्वांत सोयीचा. पायात टाचेमागे पट्टा असलेली सॅंडल असावी. सपाता पायातून निसटतात.

जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा पाय, मग काठी. उतरताना काठी आधी, मग ऑपरेशनचा पाय, शेवटी चांगला पाय. एका हाताने कठडा धरलेला असावा. काठी नेहमी ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. बरेच जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि त्यामुळे शरीराचा तोल उलट त्या पायावरच जातो.

सहावा आठवडा ते तिसरा महिना : चाल सुधारणे

सहा आठवड्यांचा एक्स-रे समाधानकारक असेल तर कुबड्या सुटून काठी येते, किंवा काठीही सुटते. काठी सोडण्याची वेळ तारखेवर ठरवू नये, चालीवर ठरवावी. आरशासमोर चालून पाहावे: ऑपरेशनच्या पायावर उभे राहताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडत असेल किंवा धड एका बाजूला झुकत असेल, तर कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू अजून अशक्त आहेत आणि काठी आणखी काही दिवस हवी. लंगडत चालण्यापेक्षा काठीने सरळ चाललेले चांगले, कारण लंगडण्याची सवय लागली की स्नायू बळकट झाल्यावरही ती सुटत नाही. या स्नायूंसाठी ओट्याला धरून उभे राहावे, बोटे समोर ठेवून पाय बाजूला सावकाश उचलावा, दोन-तीन सेकंद धरावा आणि तितक्याच सावकाश खाली आणावा. धड झुकवून पाय जास्त उंच नेण्यात काही अर्थ नाही. पाठीवर पडून गुडघे दुमडून कंबर उचलणे आणि उंच सीटच्या स्थिर सायकलवर विनाओझे पाय फिरवणे हेही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करता येते. जखम पूर्ण भरल्यावर पाण्यात चालणे उत्तम.

या काळात अनेकांना ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा पाय लांब झालेला नसतो. वर्षानुवर्षे आखडलेल्या स्नायूंमुळे कंबरच तिरकी बसलेली असते आणि व्यायामाने दोन-तीन महिन्यांत ती सरळ होते. घाईने बुटात टाच बसवून घेऊ नये. सांध्यात अधूनमधून कट-कट वाजणेही सुरुवातीला आढळते.

चालणे हळूहळू वाढवावे आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून त्याचा हिशेब करावा: सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा जड, दुखरा असेल तर कालचे चालणे जास्त झाले. जांघेत अचानक कळ येऊन पायावर भार देणेच अशक्य झाले, किंवा जांघेतले दुखणे रोज थोडे थोडे वाढत गेले, तर चालणे त्याच क्षणी थांबवावे, कुबड्या पुन्हा घ्याव्यात आणि एक्स-रे काढावा. मानेला गेलेला बारीक तडा वेळेत कळला तर काही वेळा केवळ भार बंद ठेवून भरून येतो. वजनदार सिलिंडर, पाण्याची कळशी, प्रवासी बॅग आणि कडेवर घ्यायचे मूल, यांना तीन महिने हात लावू नये.

मांडी घालून केव्हा बसता येईल?

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक रुग्ण हा प्रश्न विचारतो आणि तो रास्त आहे. पंगत, पूजा, शेतातले काम, सारेच जमिनीशी जोडलेले आहे. रिसर्फेसिंगमधील गोळा मूळ डोक्याएवढा मोठा असल्याने तो सहजासहजी निखळत नाही, आणि म्हणूनच अनेक सर्जन काही महिन्यांनंतर मांडी घालण्यास परवानगी देतात. मात्र यात एक मेख आहे. रुग्णाची स्वतःची मान जाड असते. खुबा टोकापर्यंत दुमडला की ती वाटीच्या काठावर आदळू शकते. त्यामुळे तिसऱ्या महिन्याच्या तपासणीनंतर, परवानगी असेल तर, आधी पलंगावर पाठीला उशी लावून मांडी घालून पाहावी. पाय बाहेर वळवण्यात अडचण कमी असते, गुडघे छातीशी आणण्यात अधिक. म्हणून मांडी आधी जमते आणि उकिडवे बसणे सर्वांत शेवटी, तेही जांघेत टोचल्यासारखे न होता जमले तरच. दाबून, कोणाकडून ढकलून घेऊन बैठक साधू नये. आणि कमोडची सोय झालीच आहे तर ती कायम ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी, काम आणि खेळ

टेबलावरचे काम चार ते सहा आठवड्यांत सुरू करता येते, पण तासाभराने उठून चार पावले टाकावीत. चारचाकी साधारण सहा आठवड्यांनंतर, वेदनाशामक गोळ्या बंद झाल्यावर आणि ब्रेक जोराने दाबता येतो याची उभ्या गाडीत खात्री करून. दुचाकीला त्याहून उशीर लागतो: तेथे पाय टाकून बसावे लागते, आणि खड्ड्यात तोल गेला की सगळा भार एका पायावर येतो. शेतीची, हमालीची, कारखान्यातील उभ्याने करायची कामे तीन महिन्यांच्या आत नकोत. पती-पत्नींतील शरीरसंबंध सहा आठवड्यांच्या सुमारास, ऑपरेशन झालेल्या व्यक्तीने पाठीवर राहून, सुरू करण्यास सहसा हरकत नसते. हा प्रश्न ओपीडीत विचारायला लोक संकोचतात म्हणून येथे नोंदवला.

धावणे, उड्या मारणे, फुटबॉल, बॅडमिंटन यांना सहा महिने ते एक वर्ष थांबायला सांगतात. टेनिसपटू अँडी मरे याने जानेवारी २०१९ मध्ये रिसर्फेसिंग करून घेतले, जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. हे उदाहरण प्रत्येक रुग्ण सर्जनपुढे ठेवतो. ते खरे आहे, पण दिवसभर सोबत असणारा फिजिओ आणि आयुष्यभर कसलेले स्नायू ही त्याची भांडवलाची बाजूही सोबत मोजावी.

धातूची तपासणी आणि जपून ठेवायचे कागद

धातूवर धातू घासला की कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण रक्तात येतात व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. वाटी योग्य कोनात बसलेली असेल तर हे प्रमाण अल्प राहते. कोन चुकला किंवा सांधा लहान आकाराचा असला तर वाढते आणि भोवतालच्या मांसाला इजा होऊ शकते. लहान आकारांत आणि स्त्रियांमध्ये फेरऑपरेशनचे प्रमाण अधिक आढळल्याने स्मिथ अँड नेफ्यू कंपनीने २०१५ मध्ये बर्मिंगहॅम सांधा स्त्रियांसाठी आणि ४६ मिलिमीटर व त्याखालील आकारांत देणे थांबवले. ज्यांना त्यापूर्वी तो बसवला आहे त्यांनी घाबरू नये, पण तपासणी चुकवू नये. वर्षाच्या शेवटी एक्स-रेसोबत रक्तातील कोबाल्ट-क्रोमियम मोजून घ्यावे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने ७ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही पातळी पुढील चौकशीसाठी सीमा मानली होती. नमुना धातूविरहित विशेष नळीतच घ्यावा लागतो, म्हणून ही चाचणी नेहमी करणारी प्रयोगशाळा निवडावी. वर्षांनंतर जांघेत नव्याने दुखू लागले, सूज किंवा गाठ जाणवली, सांधा करकरू लागला, तर रक्तासोबत धातूची छाया कमी करणारा विशेष एमआरआय लागतो. मूत्रपिंडाचा विकार झाला किंवा गरोदरपणाचा विचार असेल तर सर्जनना आधी कळवावे. दाताचे काम किंवा कोणतेही छोटे ऑपरेशन करण्यापूर्वी आपल्या शरीरात कृत्रिम सांधा असल्याचे त्या डॉक्टरांना सांगावे.

ऑगस्ट २०१० मध्ये डेप्यू कंपनीने आपला एएसआर सांधा जगभरातून परत मागवला. त्यात रिसर्फेसिंगचा प्रकारही होता. भारतात तो बसवलेल्या अनेक रुग्णांचा नंतर मागच लागला नाही, आणि स्वतःच्या खुब्यात कोणत्या कंपनीचा सांधा आहे हे कित्येकांना ठाऊकच नव्हते. म्हणून सांध्याच्या खोक्यावरील, कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक छापलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागावेत. टोपीचे एक आणि वाटीचे एक अशी किमान दोन असतात. त्यांचा स्पष्ट फोटो काढून तो घरातील आणखी एका व्यक्तीच्या मोबाइलवर पाठवून ठेवावा, ऑपरेशनची टिपणे आणि पहिला एक्स-रे त्याच फाइलमध्ये लावावेत, आणि पत्ता किंवा फोन क्रमांक बदलला तर रुग्णालयाच्या नोंदीतही तो बदलून घ्यावा.